कॉम्प्युटरचा लॉट नंबर: ऑपरेटिंग सिस्टिमची नावं आणि आकडे कसे वाचायचे

घाटनांदूरकडच्या एका गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलाचा एकदा फोन आला. "ताई, प्रिंटर चालंना झालंय. ड्रायव्हर टाकायलोय तर नाही म्हणायलंय."

"विंडोज कोणतं आहे?"

"दोन हजार सोळा."

"ते ऑफिस झालं, वर्ड-एक्सेलचं. विंडोज सांग."

"मग प्रो."

"प्रो कितवं?"

थोडा वेळ गेला. "चौसष्ट."

तो एकही उत्तर खोटं देत नव्हता. मशिनमध्ये ऑफिस २०१६ होतं, विंडोजचा प्रकार प्रो होता, सिस्टिम ६४ बिटची होती. मला हवं होतं ते मात्र या तिन्हीत नव्हतं. शेवटी फोनवर एकेक अक्षर सांगून एक खिडकी उघडायला लावली, तेव्हा निघालं: विंडोज १०, व्हर्जन १८०९. ड्रायव्हरला, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, १९०९ किंवा त्याच्या पुढचं लागत होतं. दोन मिनिटांचं काम, वीस मिनिटं गेली.

अंबाजोगाईत आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाला लागून भाऊजींचं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे मला हा गोंधळ रोज भिंतीपलीकडून ऐकू येतो. जूनमध्ये सोयाबीनचं बी घ्यायला कुणी येऊन "तीनशे पस्तीस द्या" म्हणतं, कुणी "समृद्धी" मागतं. समृद्धीच्या पिशवीवर असतं एमएयूएस ७१, आणि त्यातलं एमएयू म्हणजे परभणीचं आपलं मराठवाडा कृषी विद्यापीठ. तुरीच्या बीडीएन ७११ मधलं बीडीएन म्हणजे बदनापूर. बोलायला एवढं पुरतं. पण बी उगवलं नाही आणि तक्रार करायची वेळ आली, की वाणाचं नाव कुणी विचारत बसत नाही. पिशवीचा टॅग काढा, लॉट नंबर सांगा, वैधता कधीपर्यंत होती ते दाखवा.

ऑपरेटिंग सिस्टिमचं, म्हणजे विंडोजसारख्या मशीन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं, अगदी तसंच आहे. बोलायचं नाव, त्याखाली व्हर्जन, त्याखाली बिल्ड, म्हणजे आपला लॉट नंबर, आणि कंपनी किती तारखेपर्यंत सांभाळणार ती वैधता. हा टॅग कुठं असतो आणि कसा वाचायचा, ते आता क्रमानं बघू.

पहिली पायरी: टॅग शोधा

विंडोजमध्ये कीबोर्डवरचं खिडकीचं चिन्ह असलेलं बटण दाबून ठेवा आणि आर दाबा. डाव्या कोपऱ्यात छोटी पट्टी येईल. त्यात इंग्रजीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं जोडून टाइप करा आणि एंटर मारा. जी खिडकी उघडते, तिच्यातली दुसरी-तिसरी ओळ म्हणजे तुमचा टॅग. ही युक्ती जुन्या एक्सपीपासून आजच्या ११ पर्यंत चालते, म्हणून मी हीच शिकवते. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट या वाटेनं गेलात तर हेच सगळं मिळतं, शिवाय ३२ बिट की ६४ बिट तेही कळतं.

ॲपलच्या मॅकवर वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' उघडा. उबंटूत, म्हणजे लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमच्या एका प्रकारात, सेटिंग्जच्या तळाला अबाउट सापडतं. मोबाइलमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन.

सापडलेली ओळ वहीत जशीच्या तशी उतरवा. "साधारण दहा आहे" असं लिहू नका.

दुसरी पायरी: ओळीचे तुकडे करा

समजा ओळ अशी आहे: विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज, व्हर्जन २४एच२, बिल्ड २६१००, टिंब, आणि पुढं आणखी एक आकडा.

विंडोज ११ हे हाकेचं नाव. होम सिंगल लँग्वेज ही एडिशन, म्हणजे मालाचा प्रकार. नव्या लॅपटॉपसोबत आपल्याकडं बहुतेक वेळा हीच येते. प्रो म्हणजे होमपेक्षा नवं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. एकाच दिवशी निघालेल्या एकाच व्हर्जनचे ते दोन प्रकार आहेत, फरक सोयींचा आणि किमतीचा. २४एच२ हे व्हर्जन: २०२४ चं दुसरं अर्धवर्ष. २६१०० हा बिल्ड. टिंबानंतरचा आकडा दर महिन्याच्या अपडेटनं पुढं सरकतो. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, तेव्हा तो हलतो. दोन शेजारच्या मशिनवर सगळं सारखं आणि हा शेवटचा आकडा वेगळा असेल, तर एकावर अपडेट अडकलंय एवढं समजायचं.

बिटांचा प्रकार इथंच उरकून घेऊ, कारण डाउनलोड करताना लोक इथं हमखास चुकतात. एक्स६४ म्हणजे ६४ बिट. एक्स८६ लिहिलेलं असेल तर ते बहुतेक ठिकाणी ३२ बिटसाठी असतं. ८६ हा आकडा ६४ पेक्षा मोठा, म्हणून ते चांगलं असणार, असं समजून आमच्या क्लासची पोरं दर बॅचला तेच उतरवून घेतात. एक्स८६ हे नाव इंटेलच्या ८०८६ चिपच्या घराण्यावरून पडलंय, त्याचा बिटांच्या मोजणीशी संबंध नाही. लिनक्सच्या फाइलवर एएमडी६४ लिहिलेलं दिसलं आणि तुमचा प्रोसेसर इंटेलचा असला, तरी घाबरू नका. या घराण्यात ६४ बिटची रचना आधी एएमडीनं आणली, इंटेलनं नंतर तीच उचलली, नाव पहिल्याचं राहिलं. फाइल दोन्हींवर चालते.

तिसरी पायरी: टिंबाला दशांशचिन्ह समजू नका

मॅकचं १०.९ आलं २०१३ मध्ये, आणि २०१४ मध्ये आलं १०.१०. गणिताच्या हिशेबानं १०.१० म्हणजे १०.१, मग नवीन जुन्यापेक्षा लहान कसं? एका शिक्षकांनी मला हे अगदी रीतसर वाद घालून विचारलं होतं. त्यांना सातबारा आठवायला सांगितला. गट नंबर ४५ चे हिस्से पडत गेले की ४५/९ नंतर ४५/१० येतो. तिथं कुणी भागाकार करत नाही. व्हर्जनमधलं टिंब म्हणजे ही तिरपी रेघ. प्रत्येक टिंबापाशी थांबायचं, डावीकडून एकेक आकडा सुटा वाचायचा आणि सुटाच तोलायचा.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पहिला आकडा बदलला की बदल मोठा, जुन्या गोष्टी मोडण्याची शक्यता. दुसरा बदलला की नव्या सोयींची भर. तिसरा म्हणजे ठिगळ. पण हा शिरस्ता आहे, कायदा नाही. लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं उदाहरण घ्या. २०११ मध्ये २.६.३९ नंतर थेट ३.० आलं, २०१९ मध्ये ४.२० नंतर ५.०. काही क्रांती झाली होती का? मुळीच नाही. लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं स्वतःच सांगितलं, की ५.० ला काही खास अर्थ नाही, मोजायला हातापायाची बोटं संपली म्हणून आकडा बदलला. वीस बोटं, ४.२०, पुढं ५.०. मला या माणसाचा हा सरळपणा आवडतो. दुसरा कुणी असता तर रोषणाई केली असती.

चौथी पायरी: विंडोजचं पाळण्यातलं नाव ओळखा

आपल्याकडं बारशाचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं, आणि गल्ली हाक मारते तिसऱ्याच नावानं. विंडोजनं हे सगळं केलंय.

सुरुवातीला साधे आकडे होते, १९८५ चं १.० ते १९९२ चं ३.१. मग २४ ऑगस्ट १९९५ ला वर्षाचं नाव आलं, विंडोज ९५. आत मात्र ते ४.० होतं, आणि ९८ आत ४.१०. त्याच काळात एनटी नावाचं वेगळं घराणं वाढत होतं. त्याचं पहिलंच व्हर्जन १९९३ मध्ये ३.१ या नंबरानं जन्माला आलं, कारण बाजारात थोरल्याचा नंबर तोच होता. पुढचा वंश याच धाकट्या घराण्याचा चालला. विंडोज २००० म्हणजे आत ५.०, एक्सपी ५.१, व्हिस्टा ६.०.

आता गंमत. विंडोज ७ आत ७.० नाही, ६.१ आहे. विंडोज ८ आहे ६.२, आणि ८.१ आहे ६.३. याचं कारण व्हिस्टाच्या वेळचा चटका. पुष्कळ प्रोग्राम सुरू होताना विंडोजचा पहिला आकडा तपासायचे. तपासणी अर्धवट लिहिलेली, त्यामुळे ५ च्या जागी ६ दिसताच ते चालायला नकार द्यायचे. तोच ताप पुन्हा नको म्हणून विंडोज ७ ला बाहेर ७ म्हटलं आणि आत पहिला आकडा ६ च ठेवला. पुढं २०१५ मध्ये विंडोज १० साठी आतला आकडा एकदम १०.० केला. त्याच्या चाचणीच्या सुरुवातीच्या बिल्डमध्ये तो ६.४ होता, आणि बाजारात येईपर्यंत उडी मारून बाहेरच्या नावाला जाऊन मिळाला. नाव आणि नंबर बऱ्याच काळानं जुळले, आणि २०२१ मध्ये विंडोज ११ आल्यावर पुन्हा फाटले: ११ चा आतला आकडा आजही १०.० च आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा. एखादा जुना प्रोग्राम किंवा कमांडची काळी खिडकी '१०.०.२२६३१' असं दाखवते, आणि गिऱ्हाईक भांडायला येतं की मला ११ सांगून १० टाकलं. अशा वेळी पहिला आकडा सोडा, तिसरा बघा. २२००० किंवा त्याच्या वर असेल तर विंडोज ११. १९०४५ असेल तर विंडोज १० चं शेवटचं व्हर्जन, २२एच२.

विंडोज ९ कुठं गेलं, हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतोच. जुने प्रोग्राम नावात '९' दिसलं की ९५-९८ समजतील या भीतीनं तो आकडा गाळला, अशी एक चर्चा आहे. पटण्यासारखी आहे, पण चर्चाच. परीक्षेत लिहू नका.

विंडोज १० पासून वर्ष-महिन्याची पद्धत आली. १५०७ म्हणजे २०१५ चा जुलै, १८०९ म्हणजे २०१८ चा सप्टेंबर. यातही महिना तंतोतंत धरायचा नाही. १८०९ हे लोकांपर्यंत आलं ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काहींच्या फाइली पुसल्या गेल्याच्या तक्रारी आल्या म्हणून मागं घेतलं गेलं, आणि पुन्हा सोडलं नोव्हेंबरमध्ये. २०२० च्या व्हर्जनला २००४ नंबर दिला, २००३ नव्हे, कारण सर्व्हर २००३ नावाचं जुनं उत्पादन होतंच. तरी २००४ बघून लोकांना ते एक्सपीच्या जमान्यातलं वाटायचंच. बहुधा कंपनीलाही कंटाळा आला असावा, कारण लगेच २०एच२ अशी अर्धवर्षाची पद्धत सुरू झाली. ती मात्र बरी आहे. आपल्या खरीप-रब्बीसारखी.

पाचवी पायरी: लिनक्सचे टॅग

उबंटू वाचायला सगळ्यांत सोपं. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. पहिलं व्हर्जन ऑक्टोबर २००४ मध्ये आलं, म्हणून त्याचा नंबर ४.१०. कधी १.० नव्हतंच. २००६ मध्ये एकदा काम लांबलं, एप्रिल हुकून जून उजाडला, तर नंबरही ६.०४ न राहता ६.०६ झाला. तारीख बदलली की नंबर बदलतो, एवढं ते प्रामाणिक आहे.

दर सहा महिन्यांनी नवं येतं, पण सम वर्षाच्या एप्रिलमधलं एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीचं. त्याला ५ वर्षं साधे अपडेट मिळतात, बाकीच्यांना ९ महिने. शाळा, केंद्र, दुकान, जिथं मशीन रोज लागतं तिथं मी एलटीएसच टाकते. २२.०४, २४.०४. नंबर मोठा दिसतो म्हणून २४.१० घेणारा माणूस ९ महिन्यांत परत येतो. २४.०४.२ मधला शेवटचा २ म्हणजे तेच वाण, आजवरचे अपडेट आत भरून नव्यानं बांधलेली पिशवी.

नंबरासोबत जनावराचं नाव असतं. २२.०४ चं जॅमी जेलीफिश, २४.०४ चं नोबल नंबॅट. हे कौतुकापुरतं आहे असं समजून सोडून देऊ नका. सॉफ्टवेअर कुठून उतरवायचं त्या यादीत नंबर नसतो, 'जॅमी' किंवा 'नोबल' हा शब्द असतो. नेटवरून जॅमीची ओळ उचलून नोबलच्या मशिनमध्ये चिकटवली, की पॅकेजांचा गुंता होतो. तो सोडवण्यात माझा एक रविवार गेलाय.

मिंट या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराची नावं बायकांची, शेवट 'आ'नं: व्हर्जिनिया, विल्मा, झारा. मिंट २२ हे उबंटू २४.०४ वर उभं आहे, त्यामुळे उबंटूची ओळ लागते तिथं विल्मा नाही, नोबलच लिहावं लागतं. डेबियन या तिसऱ्या प्रकारानं टॉय स्टोरी या सिनेमातल्या खेळण्यांची नावं घेतली: १२ म्हणजे बुकवर्म, १३ म्हणजे ट्रिक्सी. कायम अर्धकच्च्या शाखेला नाव दिलंय सिड, जो सिनेमात खेळणी मोडणारा पोरगा आहे. सिड लिहिलेलं काही दुकानाच्या मशिनवर टाकू नये, हे वेगळं सांगायला नको. डेबियनमध्ये १.० नाही. एका सीडी विकणाऱ्यानं तयार न झालेला माल १.० म्हणून विकला, तेव्हा गोंधळ नको म्हणून खरं पहिलं व्हर्जन १.१ ठेवलं. बनावट लॉट बाजारात आला, म्हणून कंपनीनं नंबरच बदलला, असं.

आणि आपल्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या बॉस लिनक्सची नावं बघा: अनोखा, अनूप, उन्नती, प्रज्ञा. हजेरीपटावर शोभतील अशी. हेही डेबियनवरच बांधलेलं आहे.

मॅक आणि मोबाइल, थोडक्यात

मॅकचं १० तब्बल २००१ ते २०२० टिकलं. आधी चित्ता, बिबळ्यांच्या जातीची नावं, २०१३ पासून कॅलिफोर्नियातली ठिकाणं. बिग सर हे ११, मग दरवर्षी एकेक वाढत सिकोया १५, आणि त्यानंतर २०२५ मध्ये टाहो एकदम २६. मधली दहा व्हर्जनं हरवली नाहीत. येत्या वर्षाचा आकडा घ्यायचा असं ॲपलनं ठरवलं, आणि आयफोनचं १८ सुद्धा २६ वर गेलं.

अँड्रॉइडची गोडधोड नावं २०१९ मध्ये १० पासून जाहीरपणे बंद झाली. सगळ्या जगाला ती कळत नव्हती. अँड्रॉइड ९ च्या नावातलं 'पाय' हा खायचा पदार्थ आहे हे आमच्या क्लासमध्येही समजावून सांगावं लागायचं. मोबाइलवर एकच सांभाळा: कंपनीनं वर चढवलेल्या कातडीचा नंबर आणि अँड्रॉइडचा नंबर वेगळे असतात. सॅमसंगचं वन यूआय ६ म्हणजे अँड्रॉइड ६ नव्हे, ते अँड्रॉइड १४ वर आहे. बँकेचं ॲप चालेल की नाही हे अँड्रॉइडच्या नंबरावर ठरतं. त्याच्याच जवळ सुरक्षा अपडेटची तारीख असते, ती दोन वर्षांपूर्वीची असेल तर फोन कितीही चकचकीत असो, भरवशाचा नाही.

शेवटची पायरी: वैधता तपासा

लातूरला नीटच्या क्लासला निघालेल्या एका मुलासाठी वडिलांनी जुना लॅपटॉप घेतला. विकणाऱ्यानं "विंडोज ११ टाकून दिलंय" सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. मी ती सहा अक्षरं टाइप केली, तर आलं व्हर्जन २१एच२. होम आणि प्रोसाठी त्याची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलेली. पुढचं व्हर्जन आपोआप येईना, कारण प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा आणि ११ ला आठवी पिढी लागते. अट चुकवून आत ढकललेलं होतं. नाव ताजं, लॉट मुदतबाह्य. मुलाला व्हिडिओ आणि पीडीएफच बघायच्या होत्या, म्हणून मी मिंट टाकून दिलं. वडील आधी नाराज होते, "विंडोज काढलं म्हणजे काहीतरी कमी केलं" असं त्यांना वाटत होतं.

विंडोज ११ च्या होम आणि प्रोमध्ये प्रत्येक व्हर्जन २४ महिने सांभाळलं जातं. २२एच२ ची मुदत ऑक्टोबर २०२४ ला संपली, २३एच२ ची नोव्हेंबर २०२५ ला, २४एच२ ची ऑक्टोबर २०२६ ला संपते. विंडोज १० तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच थांबलं. नाव नोंदवून जादा सुरक्षा अपडेट घेतले असतील तर घरच्या वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ७ ची तारीख होती १४ जानेवारी २०२०, आणि तरीही माझ्याकडं महिन्याला दोन-तीन मशीन त्याची येतातच.

जुनं मशीन घेताना पैसे मोजण्याआधी दुकानातच टॅग उघडा. व्हर्जन वाचा, मुदत बघा, मग सेटिंग्जमधून अपडेट तपासायला लावा. "इंटरनेट नाही" असं उत्तर मिळालं तर आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट द्या. चेहरा बघण्यासारखा होतो.

घाटनांदूरकडच्या त्या मुलानं नंतर १८०९ वरून पुढं अपडेट करून घेतलं, प्रिंटर लागला. मी त्याला सगळी ओळ पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून कॅबिनेटला लावायला सांगितली होती, खाली मुदतीच्या तारखेसकट. पुढच्या वेळी अंगठ्याचं मशीन बंद पडलं तेव्हा फोन उचलताच तो म्हणाला, "ताई, १९०४५, चौसष्ट, प्रो." काय बिघडलंय ते सांगायचं मात्र विसरला.